पन्नासची बॅटरी

"शंभरची घेतलीस तर ती उचलणार कोण? तू?" हातातला खडू माझ्यावर रोखत शैलाने विचारलं.

परीक्षा संपल्या होत्या. कॉलेजात शिपायांशिवाय कोणी नव्हतं आणि फिजिक्सच्या लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो. फळ्यावर तिने होडी काढली होती. हवा भरलेली, गुबगुबीत, मेदूवड्यासारखी. होडीत दोन बायका. त्यातल्या चष्मेवालीच्या कमरेला तिने भला रुंद पट्टा काढला होता. ती मी.

"दोघी मिळून उचलू," मी म्हटलं.

"दोघी मिळून म्हणे! डॉक्टरांनी काय सांगितलंय? भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. आणि धरणाचं पाणी आता केवढं आत गेलंय बघितलंस ना? रस्त्यापासून पाण्यापर्यंत नुसता भेगाळलेला उतार. तिथे पाय सटकला तर मला तुला घेऊन परत मिरज गाठावं लागेल."

मिरजेचं नाव काढल्यावर मी गप्पच बसायची. दोन वर्षांपूर्वी माझ्या मणक्याचं ऑपरेशन मिरजेला झालं, तेव्हा शैला माझ्या कॉटखाली चटई टाकून झोपत होती. मी एकटी राहते. आईवडील गेले, लग्न केलं नाही. भाऊ बडोद्याला, तो भेटून एका दिवसात परत गेला. शैलाने मात्र घरचं, कॉलेजचं सगळं सांभाळून मला उभं केलं. माझी वेणीसुद्धा तिने घातली.

आम्ही दोघी एकाच वर्षी त्या तालुक्याच्या कॉलेजात लागलो होतो. मी केमिस्ट्रीला, शैला उपाध्ये फिजिक्सला. बॅटरी, मोटर, वायर हा तिचा प्रांत. त्यामुळे होडीचं ठरल्यापासून ती सगळी जबाबदारी मी तिच्यावर टाकली होती. होडी पुण्याहून मागवली होती, घडी घालून गाडीच्या डिकीत मावणारी. मागे अडकवायची विजेची छोटी मोटर आली होती. बॅटरी तेवढी राहिली होती.

आधी माझ्या घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी न्यायचा विचार होता. ती आम्हा दोघींना हलेना. मग लिथियमची घ्यायचं ठरलं, ती वजनाला फार हलकी असते. प्रश्न एवढाच उरला की शंभर अँपिअर-अवर वीज साठवणारी घ्यायची की पन्नासची. शंभरची तेरा किलोच्या आसपास, पन्नासची त्याच्या निम्मी.

"पण पन्नासची पुरेल का जाऊन यायला?" मी विचारलं.

शैलाने फळ्यावर भराभर आकडे मांडले. "मोटरला पाच वेग आहेत. आपण दोनवर जायचं, सावकाश. दोनवर ती फार थोडी वीज खाते. वेग वाढवलास की खाणं कितीतरी पटींनी वाढतं, म्हणून हावरटपणा करायचा नाही. दोनवर जाऊन, येऊन, वर थोडी शिल्लक राहते. बघ."

मी बघितलं. आकडे बरोबर होते.

"तरी वाटतं गं, हाताशी थोडी जास्त असावी."

"वसू," ती खडू ठेवून माझ्याजवळ आली, "जास्तीचे सहा-सात किलो वाहून तुझी पाठ परत गेली तर मी स्वतःला माफ करणार नाही. पन्नासची घेऊ. माझं ऐक."

मी ऐकलं. माझ्या पाठीची इतकी काळजी करणारं दुसरं कोणी मला नव्हतं.

आता होडी कशाला हवी होती ते सांगते.

घोटण्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला रंगाचा एक कारखाना होता. त्याचं सांडपाणी धरणात सोडलं जातं अशी खालच्या भोईवाडीची तक्रार होती. तक्रार तानूबाईची. साठीची, काटक बाई. तिच्या दोन म्हशी ते पाणी पिऊन मेल्या होत्या आणि नातीच्या पायांवर गुडघ्यापर्यंत फोड उठले होते, औषधाने जायचे आणि पाण्यात पाय पडला की परत यायचे. मासे तर वाडीतलं कोणी विकतसुद्धा नव्हतं. एकदा बाटलीत पाणी भरून ती कॉलेजात आली आणि विचारत विचारत माझ्या लॅबपर्यंत पोचली. तिथून मी त्यात पडले.

वाडीच्या घाटाजवळच्या पाण्यात मला जे सापडलं ते कमी नव्हतं. पण तक्रारीच्या सुनावणीआधी प्रदूषण खात्याच्या अधिकाऱ्यांनी सरळ सांगितलं होतं, "मॅडम, हे मिसळलेलं पाणी आहे. कुठूनही आलं असेल. कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळाच्या तोंडापाशी जे पडतं ते आणा, मग बोलू." तो नळ एरवी पाण्याखाली असायचा. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की थोडेच दिवस उघडा पडायचा. जमिनीवरून तिथे जायला कारखान्याचं कुंपण आड येत होतं. वाडीतला एक जण गुळाच्या काहिलीची होडी करून गेला होता, त्याला पहारेकऱ्यांनी काठीने सोलून काढलं. त्यानंतर वाडीतलं कोणी जाईना. म्हणून आवाज न करणारी होडी, आणि त्यात दोन मास्तरणी. आम्हाला कोण हात लावणार, असा माझा हिशेब होता.

शनिवारी पहाटे निघालो. बॅटरी शैलाने एका हातात सहज धरली होती. "बघ, पर्ससारखी," ती म्हणाली. तानूबाईने होडी पाण्यात ढकलायला हात लावला. "सांभाळून जावा ताई," ती म्हणाली आणि काठावरच बसून राहिली.

मी पुढे बसले होते. मांडीवर बर्फाचा डबा, त्यात रिकाम्या बाटल्या. शैला मागे मोटरपाशी. पाणी आरशासारखं होतं. होडी चांगलीच पळत होती, नाकाशी पाणी फुटत होतं, थेंब माझ्या चष्म्यावर उडत होते.

"जरा जास्त वेगात नाही ना?" मी मान न वळवता विचारलं. मला मान वळवता येत नाही.

"वारा सुटायच्या आत पोचू. तू बस निवांत," ती मागून म्हणाली.

डोंगराचं नाक ओलांडलं आणि समोर नळ दिसला. काळपट सिमेंटचा, माणूस वाकून आत शिरेल एवढा. त्याच्या तोंडातून जांभळं पाणी गळत होतं. खालचा चिखल जांभळा, दगड जांभळे. वास आमच्यापर्यंत येत होता. मी डब्याचं झाकण उघडलं, हातमोजे चढवले आणि मोटर बंद पडली.

आधी घरघर कमी झाली, असंही नाही. चालू होती, बंद झाली.

"काय झालं?"

"संपली," शैला म्हणाली.

"संपली? असं कसं संपेल? तू तर म्हणालीस..."

"लिथियमची अशीच जाते, वसू. शेवटपर्यंत पूर्ण जोर देते आणि एकदम वीज तोडते."

"बरं, मग वल्हं घे. समोर तर आहे. कितीसं अंतर आहे?" मी माझ्या बाजूचं प्लॅस्टिकचं वल्हं उचललं आणि पाण्यात घातलं. दोनदा ओढलं. तिसऱ्यांदा कमरेतून अशी कळ गेली की वल्हं हातातून सुटलं.

"राहू दे ते! राहू दे म्हणते ना!" शैला ओरडली. "आणि तिकडे बघ."

बांधावर तीन माणसं येऊन उभी राहिली होती. एकाच्या हातात काठी होती.

"तू वल्हव, शैला. मी फक्त बाटली बुडवते. ते काय करणार आहेत?"

"तुझी अशी अवस्था, इथून परत घाटापर्यंत हातानं जायचंय. वारा सुटला तर आपण पोचणार नाही." तिने होडी वळवली. मी ओरडत राहिले, "वळवू नकोस, शैला, वळवू नकोस," आणि नळ माझ्या डोळ्यांसमोरून बाजूला सरकत गेला.

येताना वारा सुटलाच. ती एकटी वल्हवत होती. मी मागे डोकं टेकून पडले होते, कण्हत होते. घाटाला लागलो तेव्हा तिच्या दोन्ही तळव्यांची सालं गेली होती. तानूबाईने घरातून हळद आणि तेल आणलं, स्वतःच्या मांडीवर तिचे हात घेऊन लावलं. मी तानूबाईला म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे. माझ्या पाठीपायी छोटी बॅटरी घेतली."

"असू द्या ताई," ती म्हणाली. "जिवानिशी आलासा."

शैला तळव्यांकडे बघत राहिली. दमली असेल, असं मला वाटलं.

चार दिवस मी अंथरुणाला खिळून होते. पाठीपेक्षा मन जास्त दुखत होतं. पाचव्या दिवशी उठले ती दुसऱ्या फेरीची तयारी करायची असं ठरवून. शैलाला फोन केला, तर श्रेणिकचं काहीतरी आहे म्हणाली. श्रेणिक तिचा मुलगा, एकुलता एक. म्हटलं, मी एकटी निदान बॅटरी तरी तपासून बघते. किती चालते ते एकदा नक्की कळलं म्हणजे आणखी एक तसलीच जोडीला घ्यायची की नाही ते ठरवता येईल.

बॅटरी पूर्ण भरली. घाटावर तानूबाईने आणि तिच्या सुनेने होडीत हवा भरून दिली. होडी दोराने खुंट्याला बांधली, मोटर दोनवर लावली आणि आम्ही काठावर बसलो. तेव्हाच तानूबाईने सांगितलं, "ताई, तुमी गेल्याव दुसऱ्याच दिशी तकडं मातीचे टिप्पर आलं. नळ बुजिवला. आता तकडं काय बी दिसत न्हाई."

मी मोटर बंद करायला उठले, आता चालवून उपयोग काय? आणि उठता उठता थांबले. मोटर चालू आहे हे मला पाण्याच्या बुडबुड्यांवरून कळत होतं. आवाज जवळजवळ नव्हताच. दोर नुसता ताणला होता. त्या दिवशी मात्र माझ्या चष्म्यावर पाणी उडत होतं.

मी वाकून दांडा तीनवर नेला. मग चारवर. होडीचं नाक उचललं, पाणी फुटायला लागलं, आणि शनिवारी सकाळभर माझ्या कानात होता तोच आवाज आला.

परत दोनवर आणली. उन्हं चढली, सुनेने भाकरी आणून दिली, आम्ही जेवलो, मोटर चालूच. सूर्य डोक्यावरून कलला तरी चालू. जाऊन, येऊन, वर थोडी शिल्लक. फळ्यावरचं गणित अक्षरशः खरं होतं. आणि शंभरची असती तर चारवरसुद्धा आम्ही नळापर्यंत जाऊन आलो असतो. पन्नासची चारवर चालवली तर ती कुठपर्यंत जाईल, हे त्या कॉलेजात एकाच बाईला नेमकं सांगता आलं असतं.

मी तिच्या घरी गेले. दार तिच्या नवऱ्याने, पद्माकररावांनी उघडलं. चेहरा नुसता फुलला होता.

"या, या वसुधाताई! अगदी वेळेवर आलात. शैला, पेढे आण गं. श्रेणिकला नोकरी लागली. हे आपल्या इथल्याच रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये. ऑर्डर पंधरा दिवसांपूर्वीच आली होती, पण ही म्हणाली की रुजू होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. आज रुजू झाला!"

शैला पेढ्यांचा पुडा घेऊन बाहेर आली. हातांना अजून पट्ट्या होत्या. माझ्याकडे बघितलं आणि पुडा टीपॉयवर ठेवून नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही जरा दूध घेऊन येता? चहाला नाहीये."

ते गेले. ती उभीच राहिली.

"चारवर चालवलीस," मी म्हटलं.

"हो."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. निदान रागावेल. माझी सगळी तयारी त्यासाठी होती.

"त्यांनी सांगितलं तुला?"

"कोणी काही सांगितलं नाही." ती खाली बसली. "मुलाखतीनंतर त्यांचे साहेब घरी आले होते. चहा घेताना एवढंच म्हणाले, मॅडम, तुम्हीपण त्या होडीत असणार का? बस. पुढे दुसरं काहीतरी बोलायला लागले."

"आणि तू सांगितलंस आपण कधी जाणार ते."

"नाही. देवाशपथ नाही. ती माणसं कशी आली मला माहीत नाही. मी एवढंच ठरवलं होतं की पोचायचं नाही."

"मग यायचंच नव्हतंस! नाही म्हणायचंस. मी दुसऱ्या कोणाला नेलं असतं."

"म्हणूनच आले," शैला म्हणाली.

बाहेर कोणाच्यातरी कुकरची शिट्टी झाली. ती पट्टीचं टोक कुरतडत होती.

"दोन वर्षं एम.एस्सी. होऊन घरात बसला होता, वसू. दार लावून. तू बघितलंयस. जेवायचा नाही, बोलायचा नाही. मार्चमध्ये एकदा गच्चीच्या कठड्यावर बसलेला होता, पाय बाहेर सोडून. मी मागून गेले. हाक मारायचा धीर होईना, दचकला तर? तसंच जाऊन दोन्ही हातांनी धरला. हे मी यांनासुद्धा सांगितलेलं नाही."

"मला सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? तक्रार सोडून दिली असतीस?"

खरं म्हणजे मला ते माहीत नव्हतं, आजही नाही.

"आणि माझी पाठ?" मी विचारलं. "ती बरी सापडली तुला."

तिने एकदम वर बघितलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले. "ते खोटं नव्हतं. मला खरंच तुझ्या पाठीची भीती वाटत होती. ते खोटं नव्हतं, वसू."

मला तिचा सगळ्यात जास्त राग आला तो त्या क्षणी. खोटं असतं तर सोपं गेलं असतं. मी पेढ्याला हात न लावता उठले. फाटकात पद्माकरराव दुधाची पिशवी घेऊन येत होते. "अहो, चहा?" ते म्हणाले. मी मान हलवली आणि रस्त्याला लागले.

सुनावणी जूनमध्ये झाली. तक्रारीखाली तानूबाईच्या अंगठ्याखेरीज आम्हा दोघींच्या सह्या होत्या, म्हणून शैलालाही बोलावणं आलं. ती येणार नाही असं मी धरून चालले होते. ती आली. इस्त्रीची साडी, हात बरे झालेले.

कारखान्याचे वकील तरुण आणि नम्र होते. त्यांच्या बाजूने तिघे बोलले. नळ कधी नव्हताच, म्हणाले. पहारेकऱ्यांकडे काठ्याच नसतात, म्हणाले. तानूबाई खुर्चीच्या कडेवर बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मी बोलले. घाटावरच्या पाण्याचे निष्कर्ष वाचून दाखवले. अधिकारी लक्ष देऊन ऐकत होते, पण त्यांना हवी होती ती बाटली माझ्याकडे नव्हती. मी तेव्हा शैलाचं नाव घेतलं असतं तरी बाटली काही आली नसती.

मग वकिलांनी शैलाला विचारलं, "मॅडम, आपण दोघी तिथे होडीतून गेला होतात?"

"हो."

"नळ पाहिलात?"

मी तिच्याकडे बघत होते.

"हो. पाहिला," शैला म्हणाली. "जांभळं पाणी येत होतं."

वकिलांनी कागद उलटला. "पण त्या पाण्याचा नमुना घेतलात?"

"नाही."

"का?"

"तिथपर्यंत पोचलो नाही. बॅटरी पुरली नाही."

एकही शब्द खोटा नव्हता. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. निकाल महिन्याभराने लागला, तो काय लागणार हे त्याच दिवशी सगळ्यांना कळलं होतं. पुढच्या चार वर्षांत भोईवाडी उठली. कोणी इचलकरंजीला मागावर गेलं, कोणी गोव्याला बांधकामावर. आता तिथे चार घरं आहेत, तीही म्हाताऱ्या माणसांची. श्रेणिकचं लग्न झालं, तो कारखान्यातच वरच्या जागेवर आहे. शैला प्रिन्सिपॉल होऊन निवृत्त झाली. त्याआधी नऊ वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसलो आणि वेळापत्रकाखेरीज काही बोललो नाही.

त्या दिवशी सुनावणी संपल्यावर आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. शैला जिन्याकडे निघाली होती. तानूबाई माझ्याजवळून झटकन पुढे गेली आणि तिने शैलाचे दोन्ही हात धरले.

"बाई, तुमी खरं बोललासा," तानूबाई म्हणाली. "समद्यांचं ऐकताना म्या बघत हुतो. नळ न्हाईच म्हनत्यात! तुमी एकल्या म्हनलासा, बगितला म्हनून. तुमचं लई उपकार हाईत बगा." आणि तिने ते हात स्वतःच्या कपाळाला लावले.

शैलाने हात काढून घेतले नाहीत. उभी राहिली. मग "येते हं," असं काहीतरी पुटपुटून खाली उतरली.

मी तानूबाईला घेऊन एस.टी. स्टँडवर आले. तिला चहा घेऊन दिला, बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. बॅटरी, चारचा वेग, श्रेणिक, गच्चीचा कठडा, काही ठेवलं नाही. शैलाला एकच मुलगा आहे आणि तो हातचा जाणार होता, हेही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. कदाचित तानूबाईने तरी तिला माफ करावं, म्हणजे मला करावं लागणार नाही, असं वाटलं असेल.

तानूबाईने चहा संपवला. कप बाकाखाली ठेवला. तिची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता.

"पोरं काय तिला एकलीलाच हाईत व्हय, ताई?" ती म्हणाली, आणि पिशवी उचलून गाडीकडे गेली.